फुटबॉल ट्रायलला पोराला नेताय? आधी एवढं समजून घ्या

वार्षिक परीक्षा संपायला आल्या की गावोगावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पोस्टर फिरायला लागतात. 'अंडर १३ व अंडर १५ फुटबॉल निवड चाचणी. मर्यादित जागा. आजच नोंदणी करा.' खाली एक मोबाईल नंबर आणि पैसे पाठवायला क्यूआर कोड. पूर्वी असली पोस्टर शहरापुरती असायची. आता ती कागल, पन्हाळा, शिरोळ, गडहिंग्लजच्या खेड्यापाड्यांत पोचलीत.

कोल्हापूर जिल्ह्याला फुटबॉलचं वेड नवीन नाही. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा या तालमी, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ यांची मॅच असली की शाहू स्टेडियम कसं भरतं ते सगळ्यांना माहीत आहे. पण आता दहा-बारा वर्षांच्या पोरांची 'निवड' व्हायला लागली आहे आणि त्यासाठी शेतकरी, कामगार पालक खिशात हात घालायला लागलेत, हे नवीन आहे. तिथं काय बघतात, निवडीनंतर पोराला काय शिकवतात, हे मात्र कुणी सांगत नाही. या लेखात तेवढंच सांगायचंय. लिहिणारा स्वतः एका खेळणाऱ्या पोराचा बाप आहे, त्यामुळं बाजू पालकांची आहे हे आधीच सांगितलेलं बरं.

ट्रायलमध्ये नेमकं काय होतं

बहुतेक ठिकाणी पद्धत सारखीच. सकाळी सातला बोलावतात. आधार कार्ड, जन्मदाखला बघून नाव लिहितात, छातीला नंबर लावतात. मग तीस-चाळीस मीटर पळायला लावतात. कोनमधून बॉल नेऊन दाखवायचा, पायावर किती वेळा उडवतोय ते मोजायचं. शेवटी दोन टीम पाडून पंधरा-वीस मिनिटांची मॅच. पाच-सात दिवसांत ग्रुपवर यादी.

आता साधा हिशेब करा. अकरा विरुद्ध अकरा अशी वीस मिनिटांची मॅच असेल, तर मैदानावर २२ पोरं आणि बॉल एक. सगळ्यांना सारखा बॉल मिळाला असं धरलं तरी एकाच्या वाट्याला मिनिटभरसुद्धा येत नाही. त्यातही जो उंच, जो दांडगा, ज्याची ओळखीची पोरं टीममध्ये आहेत, त्याच्याकडंच बॉल जातो. लाजरं पोरगं कडेला उभं राहून परत येतं. त्याला फुटबॉल येतो का नाही, हे कुणालाच कळलेलं नसतं.

तीच पोरं चार विरुद्ध चार अशी छोट्या मैदानावर खेळवली, तर वीस मिनिटांत प्रत्येकाच्या वाट्याला अडीच मिनिटं येतात. लपायला जागा राहत नाही, प्रत्येकाला पास द्यावा लागतो, अडवावं लागतं. म्हणून लहान पोरांची ट्रायल छोट्या टीम पाडून, दोन-तीन दिवस आणि दोघा-तिघा जाणकारांच्या नजरेखाली घेतली, तरच तिला काही अर्थ. एका सकाळीत शंभर पोरं निकालात काढणारी ट्रायल ही नोंदणीची फी गोळा करायची सोय असू शकते, एवढं लक्षात ठेवा.

जानेवारीचं पोर, डिसेंबरचं पोर

आपल्या आईबापांच्या पिढीत निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला यायचा. शाळेत नाव घालताना गुरुजी तीच तारीख टाकायचे. तेव्हा त्यानं काही बिघडलं नाही. खेळात मात्र जन्मतारखेनं मोठा फरक पडतो.

फुटबॉलमध्ये वयोगट धरताना बहुतेक ठिकाणी १ जानेवारी ही तारीख धरतात. म्हणजे एकाच वर्षी जानेवारीत जन्मलेलं पोरगं आणि डिसेंबरात जन्मलेलं पोरगं एकाच गटात खेळतात. दोघांत जवळजवळ वर्षाचं अंतर. मोठ्या माणसात वर्षानं काही कळत नाही. पण अकरा-बारा वर्षांच्या वयात वर्ष म्हणजे उंची, वजन, ताकद, समज, सगळ्यात फरक.

शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टला लावलेला आणि सुरू लागण जानेवारी-फेब्रुवारीची. एप्रिलमध्ये दोन्ही फड शेजारी शेजारी बघितले तर आडसाली डोक्याच्या वर गेलेला असतो आणि सुरू गुडघ्याला. म्हणून कोणी सुरूचं बेणं वाईट म्हणत नाही. लागण कधीची, हे आपण आधी विचारतो. पोराच्या बाबतीत मात्र तेच विचारायचं राहून जातं.

हा प्रकार पहिल्यांदा १९८० च्या दशकात कॅनडात आईस हॉकीच्या खेळाडूंमध्ये अभ्यासकांच्या लक्षात आला. निवडलेल्या खेळाडूंत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेले जास्त आणि शेवटच्या महिन्यांतले कमी. पुढं युरोपातल्या फुटबॉल अकादम्यांतही तेच दिसलं. शेवटच्या महिन्यांत जन्मलेल्या पोरांत कला कमी असते, असं काही नाही. ती निवडीच्या दिवशी अंगानं लहान असतात. मग निवडलेल्यांना चांगला कोच, चांगलं मैदान, जास्त मॅच मिळतात आणि अंतर आणखी वाढत जातं.

काही पालक यावर वाकडी वाट काढतात. दाखल्यावरची तारीख पुढं सरकवून पोराला लहान करतात. हे अजिबात करू नका. फिफा १७ वर्षांखालच्या वर्ल्ड कपसाठी २००९ पासून मनगटाचा एमआरआय करून वय तपासते. खोटी तारीख आज तालुक्याला चालली तरी पुढं कुठं तरी उघडी पडते, आणि तेव्हा बंदी पोरावर येते, बापावर नाही.

उंची वाढायचं वय

जन्मतारीख एकच असली तरी सगळी पोरं एकदम वाढत नाहीत. मुलांची उंची साधारण तेरा-चौदाच्या आसपास सपाट्यानं वाढते, मुलींची अकरा-बाराला. कुणाची वर्ष-दोन वर्षं आधी, कुणाची नंतर. आठवीच्या वर्गात एकाला मिसरूड फुटलेलं असतं आणि शेजारचा अजून पाचवीतला वाटतो. दोघांची ट्रायल एकत्र झाली तर निकाल आधीच ठरलेला.

उंची झपाट्यानं वाढत असताना चांगलं खेळणारं पोरगंही काही महिने बावचळतं. पाय लांब झालेले असतात, तोल सांभाळत नाही, साधा पास चुकतो. गुडघ्याच्या खाली, नडगीच्या वरच्या टोकाला दुखायला लागतं. हे या वयात बऱ्याच खेळणाऱ्या पोरांना होतं. दुखतंय म्हणाला तर 'नाटकं करू नको' म्हणून पळवू नका. डॉक्टरला दाखवा, थोडे दिवस पळणं-उड्या कमी करा. शहाणा कोच अशा पोराला संघातून काढत नाही, थांबतो.

हॅरी केनचं नाव आपल्याकडच्या पोरांना पाठ आहे. आठ वर्षांचा असताना त्याला आर्सेनल क्लबनं सोडून दिलं होतं. पुढं तोच इंग्लंडचा कॅप्टन झाला आणि २०१८ च्या वर्ल्ड कपमध्ये सहा गोल करून गोल्डन बूट घेऊन गेला. यावरून प्रत्येक पोरगं केन होणार असं नाही. पण आठव्या वर्षी लागलेला निकाल शेवटचा नसतो, एवढं नक्की. ज्यांचं कामच खेळाडू ओळखायचं, त्या मोठ्या क्लबचाही अंदाज चुकतो.

यादीत नाव नसेल तर

गेल्या हंगामात आमच्या पोरानं एका अकादमीची ट्रायल दिली. यादी ग्रुपवर आली ती रात्री साडेनऊला. फोन त्याच्याच हातात होता. त्यानं दोनदा खालीवर बघितलं, फोन चार्जिंगला लावला आणि काही न बोलता गोठ्यात जाऊन म्हशीला पेंड ठेवून आला. कुठं कमी पडला, काय सुधारायला पाहिजे, हे अकादमीकडून एका शब्दानं कळलं नाही. फोन केला तर 'पुढच्या वर्षी या, फी तीच आहे' एवढंच उत्तर मिळालं.

राग नाव नसल्याचा नाही. दोनशे पोरं आली तर पावणेदोनशे परत जाणारच. पण बारा वर्षांच्या पोराचा निकाल शे-दोनशे लोकांच्या ग्रुपवर टाकायचा आणि कारण सांगायचं नाही, हे बरोबर नाही. 'उजवा पाय चांगला आहे, डावा सुधार', एवढं एक वाक्य पोराला वर्षभर पुरतं. पालकांनी ते मागायला लाजू नये. फी दिली असेल तर तो हक्कच आहे.

घरी मात्र दोन गोष्टी टाळा. 'त्या अमक्याचं झालं, तुझं का नाही' हे बोलू नका. आणि 'वशिला होता, म्हणून झालं नाही' असंही पोरासमोर म्हणू नका, माहीत नसताना तर नाहीच. पहिल्यानं पोरगं खचतं, दुसऱ्यानं सराव सोडतं.

कोच कसा ओळखायचा

चांगला खेळाडू होता म्हणून चांगला कोच होतोच असं नाही. लहान पोरांना शिकवायचं वेगळं शिक्षण असतं. आपल्या देशात ते ऑल इंडिया फुटबॉल फेडरेशन, म्हणजे एआयएफएफकडून मिळतं. सुरुवातीचं डी लायसन्स, त्याच्यावर आशियाई फुटबॉल महासंघाचं सी, बी, ए आणि प्रो. पोस्टरवर 'नामवंत प्रशिक्षक' लिहिलं असेल तर कोणतं लायसन्स आहे ते विचारा. असेल तो आनंदानं दाखवतो.

लायसन्सपेक्षाही एक संध्याकाळ मैदानाच्या कडेला उभं राहून बघा. पुढच्या गोष्टी दिसतात का?

एक, पोरांच्या पायाला बॉल किती लागतो. तासातला अर्धा वेळ पोरं रांगेत उभी असतील किंवा नुसत्या फेऱ्या मारत असतील, तर तिथं फुटबॉल कमी आणि कवायत जास्त आहे. पळायला तर आपली पोरं बांधावरही पळतात.

दोन, बॉल कोणता आहे. आठ वर्षांच्या आतल्यांना ३ नंबरचा, आठ ते बारापर्यंत ४ नंबरचा आणि त्यापुढं ५ नंबरचा बॉल लागतो. ५ नंबरचा बॉल ४१० ते ४५० ग्रॅमचा असतो. नऊ वर्षांच्या पोराला तो दिला तर ते ताकदीनं ढकलायला शिकतं, पायानं खेळवायला शिकत नाही.

तीन, चुकल्यावर कोच काय करतो. शिव्या देतो, उठाबशा काढायला लावतो, का थांबवून दाखवतो? मारणारा, अपमान करणारा कोच कितीही कप जिंकलेला असला तरी नको.

चार, बाकावरच्या पोरांना खेळवतो का. बारा वर्षांखालच्या स्पर्धेत जिंकण्यासाठी तीच अकरा पोरं खेळवायची आणि बाकीच्यांनी पाण्याच्या बाटल्या उचलायच्या, फी मात्र सगळ्यांची सारखी, हे चालू देऊ नका.

पाच, सुरक्षितता. प्यायला पाणी आणि औषधाची पेटी आहे का? एप्रिल-मे मध्ये सराव उन्हाच्या आधी संपतो का? मुली असतील तर संडास-बाथरूम आणि सोबत जबाबदार बाई आहे का? बाहेरगावच्या स्पर्धेला मुक्कामी कोण जाणार, पोरं कुठं झोपणार, हे आधी विचारा. कोणी वेगळं वागत असेल तर पोरगं सांगताना अडखळतं. शांतपणे ऐका, विश्वास ठेवा. १०९८ हा मुलांच्या मदतीचा फुकट नंबर आहे. मुलांच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१२ चा पोक्सो कायदा मैदानावरही लागू आहे.

पैसे कुठं द्यायचे, कुठं नाही

फी घेणं चूक नाही. मैदान, बॉल, कोचचा पगार याला खर्च येतो. पण पूर्ण हिशेब आधी मागा. महिना हजार रुपये फी ऐकायला कमी वाटते, वर्षाचे बारा हजार होतात. त्यावर किट, स्टड, स्पर्धेची प्रवेश फी, बाहेरगावचा प्रवास, आणि खेड्यातून रोज वडापनं किंवा मोटरसायकलनं नेण्या-आणण्याचं पेट्रोल. उसाचं बिल वर्षातनं एक-दोनदा येतं, फी दर महिन्याला. जमेल तेवढंच कबूल करा. पावती घ्या. एखाद्याच्या वैयक्तिक नंबरवर पैसे मागत असतील तर संस्थेचं खातं विचारा.

सगळ्यात सावध राहायचं ते परदेशी क्लबच्या नावानं. 'स्पेनच्या क्लबमध्ये निवड झाली, करारासाठी अमुक लाख भरा' असं कोणी चौदा वर्षांच्या पोराबद्दल सांगितलं तर तिथंच थांबा. फिफाच्या नियमानं १८ वर्षांखालच्या खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशाच्या क्लबला बदली करता येत नाही. आईबाप दुसऱ्या कारणानं त्या देशात राहायला गेले, असे मोजके अपवाद सोडून. पैसे भरून परदेशात आठ-दहा दिवसांचं शिबिर करता येतं, ती एक सहल समजा. त्याला निवड म्हणत नाहीत.

कमी खर्चाच्या वाटा

खासगी अकादमी हा एकच रस्ता नाही. शाळेच्या संघातून खेळलं तर तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी पायरी आहे. सुब्रतो कप ही हवाई दलाच्या पुढाकारानं चालणारी शाळांची देशपातळीवरची स्पर्धा १९६० पासून आहे. त्यात मुलांबरोबर १७ वर्षांखालच्या मुलींचाही गट आहे. शाळेनं संघ पाठवला नाही तर पोरं कितीही चांगली असली तरी पुढं जाणार नाहीत. म्हणून जूनमध्ये मुख्याध्यापकांना आणि क्रीडा शिक्षकांना भेटून 'यंदा फुटबॉलचा संघ भरणार का' हे विचारा. मुलींच्या संघाचंही विचारा.

राज्य सरकारची क्रीडा प्रबोधिनी ही दुसरी वाट. तिथं निवड झाली तर राहणं, जेवण, शिक्षण आणि प्रशिक्षण सरकार करतं. त्यासाठीच्या चाचण्यांत उंची-वजनाबरोबर ३० मीटर धावणं, शटल रन, उभ्यानं उडी, मेडिसिन बॉल फेक, ८०० मीटर धावणं असले प्रकार असतात. माहिती तालुका किंवा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात मिळते. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव प्रबोधिनीतूनच घडला आणि २०१७ मध्ये भारतात झालेल्या १७ वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये देशाकडून खेळला.

सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे म्हणून अनेक पालक पोराला खेळात घालतात. त्यासाठी मान्यता असलेल्या स्पर्धेतली कामगिरी लागते आणि प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा खातं करतं. खासगी लीगचा भला मोठा कप शोकेसला शोभतो, अर्जाला जोडता येत नाही. कोणती स्पर्धा धरली जाते हे प्रवेश फी भरायच्या आधी क्रीडा कार्यालयात विचारून घ्या.

कडेला उभ्या बापांसाठी

मॅचमध्ये कोच एक सांगतो, बाप बाहेरून दुसरं ओरडतो. 'मार, मार!', 'पुढं जा!' पोरगं बॉलकडं बघायचं सोडून बापाकडं बघतं. रेफ्रीला शिव्या देणारा बाप पोराला काय शिकवतो, ते वेगळं सांगायला नको. पेठेतल्या ईर्षेची मजा मोठ्यांच्या मॅचला ठेवा. परत येताना गाडीवर मॅचची चिरफाड करू नका. भूक लागली का ते विचारा, बाकीचं पोरगं स्वतः सांगतं.

नोंदणी करण्याआधी हे विचारा

कोचचं नाव आणि लायसन्स काय? एका कोचमागं पोरं किती? ट्रायल किती दिवस, किती जण बघणार? निवड झाली नाही तर कारण सांगणार का? वर्षाचा एकूण खर्च लेखी देणार का? आणि निवड झालेल्या पोराला आठवड्यात किती दिवस, किती वेळ खेळायला मिळणार?

उत्तरं सरळ मिळाली तर बिनधास्त न्या. नाही मिळाली तर तेवढ्या पैशात एक ४ नंबरचा बॉल आणि पंप येतो. जिल्हा परिषद शाळेचं ग्राउंड संध्याकाळी मोकळंच असतं. आठ-दहा पोरं-पोरी जमवा, चार पाट्या उलट्या मांडून दोन गोल करा आणि चार-चारच्या टीम पाडा. जाणता एखादा माजी खेळाडू गावात असेल तर त्याला आठवड्यातनं दोन दिवस यायची विनंती करा. पुढच्या वर्षीच्या ट्रायलची तयारी यापेक्षा चांगली दुसरीकडं होत नाही.